जुने, विसरलेले स्वस्तातले वेस्टर्न सिनेमे लावले की एवढा हिरमोड का होतो?

अमेरिकी नट जॉन वेनचं नाव बघून १९३०च्या दशकातले तासाभराचे वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-दरोडेखोरांचे सिनेमे लावता आणि थोड्याच वेळात बंद करता, तर चुकतंय कुणाचं, असं तुम्ही विचारलंय. तुमचं नाही. निम्मा दोष सिनेमाचा आणि निम्मा तुमच्यापर्यंत पोचलेल्या प्रतीचा. हे दोन वेगळे ओळखता आले की बरेच सिनेमे बघण्याजोगे निघतात.

आधी वेनबद्दल. तो खरा स्टार झाला १९३९च्या 'स्टेजकोच'नंतर. त्याआधी, १९३३ ते १९३५ या काळात, लोन स्टार नावाच्या छोट्या कंपनीचे १६ सिनेमे त्याने केले. प्रत्येक जेमतेम ५०-५५ मिनिटांचा आणि झटपट उरकलेला. कथा जवळपास तीच: वेश बदललेला सरकारी माणूस टोळीत शिरतो आणि गावातला प्रतिष्ठित गृहस्थच खलनायक निघतो. हा दोष सिनेमाचाच, त्यावर इलाज नाही.

प्रतीची भानगड वेगळी. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात २८ वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. असल्या कितीतरी सिनेमांचं ते कुणी केलंच नाही. मग ज्याला वाटेल त्याने टीव्हीसाठीच्या १६ मिमी प्रतीवरून कॅसेट काढली, कॅसेटवरून डीव्हीडी, आणि तीच आता यूट्यूबवर.

याचा सगळ्यात हास्यास्पद परिणाम रात्रीच्या प्रसंगांत दिसतो. ते भरदुपारी शूट करायचे. लाल फिल्टर लावून आकाश काळवंडायचं आणि एक्सपोजर कमी ठेवून बाकीचं अंधारायचं. पुढे प्रत काढणाऱ्याने चित्र उजळ केलं की सगळं मुसळ केरात. नायक लख्ख उन्हात, पायाशी काळी कुळकुळीत सावली घेऊन दबकत चालतो आणि चार हातांवरच्या पहारेकऱ्याला तो दिसत नाही! असा प्रसंग आला की टीव्हीचा ब्राइटनेस उतरवा, बराच फरक पडतो.

पार्श्वसंगीत ऐका. १९३३-३४च्या या सिनेमांत नामावली सोडली तर संगीत जवळपास नसतंच. टापा, संवाद आणि खरखर. पाठलागात सिंथेसायझर वाजू लागला तर ते १९८०च्या दशकात चिकटवलेलं आहे. ती प्रत सोडा, दुसरी शोधा. मूळ कृष्णधवल सिनेमाची नंतर रंगवलेली प्रत असेल आणि दुसरी मिळतच नसेल, तर टीव्हीचा रंग शून्यावर आणा. चित्र थोडं सपाट दिसेल, पण गुलाबी गालांचे दरोडेखोर तरी बघावे लागणार नाहीत.

लांबीही तपासा. रिपब्लिक कंपनीचे जीन ऑट्री, रॉय रॉजर्स या गाणाऱ्या काउबॉय-नायकांचे बरेच सिनेमे टीव्हीच्या तासाभरात बसवायला ५३-५४ मिनिटांवर कापले गेले. मूळ ७० मिनिटांचा असेल तर गाणी आणि कथेचे सांधे गेलेले असतात, मग कोण कुणाला का मारतंय ते कळत नाही. दोन-तीन मिनिटांचीच तूट असेल तर मात्र घाबरू नका: टीव्हीच्या युरोपीय पाल पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, म्हणून ६० मिनिटांचा सिनेमा साधारण साडेसत्तावन्न मिनिटांत संपतो.

आता उसनवारी. वेनने १९३२-३३मध्ये वॉर्नर ब्रदर्स कंपनीसाठी केलेल्या सहा वेस्टर्नमध्ये केन मेनार्ड या आधीच्या काउबॉय-नायकाच्या मूकपटांतली दृश्यं सर्रास वापरली आहेत. ठिगळ जुळावं म्हणून वेनला मेनार्डसारखे कपडे आणि तसाच पांढरा घोडा दिला. चित्र अचानक भुरकट झालं, माणसं घाईघाईने हलू लागली आणि गर्दी एकदम दसपट झाली की समजा, मूकपट सुरू झाला. गंमत म्हणजे पैसा त्यातच ओतलेला असतो, त्यामुळे सिनेमातली सर्वांत देखणी दृश्यं बहुधा तीच.

तरीही बघायचंच असेल तर कथेऐवजी याकिमा कॅनट या स्टंटमनवर डोळा ठेवा. तो बहुतेक वेळा खलनायक असतो आणि वेनच्या जागी घोड्यावरून उडीही तोच मारतो. कधीकधी स्वतःचाच पाठलाग करतो म्हणा ना. एक मात्र आधीच सांगतो: भरधाव घोडा तोंडघशी कोसळताना दिसला तर ते अनेकदा पुढच्या पायांना तार बांधून पाडलेलं असतं. प्राण्यांचे हाल बघवत नसतील तर अशा जागी सरळ पुढे ढकला.