संस्कृती रक्तातून येते की शिकावी लागते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. संस्कृती माणसाच्या रक्तातच असते की ती शिकावी लागते, ही पहिली. आणि शिकावी लागत असेल, तर शिकवणारे गुरू वा ग्रंथ हाताशी नसताना, परमुलखात वाढणाऱ्या मुलांपर्यंत ती पोहोचते कशी, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते: ती शिकावीच लागते. एडवर्ड टायलर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने 1871 साली संस्कृतीची जी व्याख्या केली, तीत ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी अशी मोठी यादी आहे. परंतु तिचे खरे बळ या यादीत नसून, हे सारे माणूस समाजाचा घटक म्हणून संपादन करतो, असे तिने सांगितले यात आहे. जे संपादन करावे लागते, ते जन्माने मिळत नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, आणि त्याचे उत्तर देताना मी एकाच समाजाचे उदाहरण घेणार आहे. माझे बालपण रायगड जिल्ह्यात गेले; तेथील बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठी भाषक ज्यू समाजाविषयी मी पुढे जे वाचले, त्याने या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी घडवली. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि सात जोडपी तेवढी वाचली. ते नेमके केव्हा आले याबद्दल एकमत नाही. मात्र त्यानंतर कित्येक शतके त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नव्हते, हिब्रू भाषा उरली नव्हती आणि इतर ज्यू समाजांशी संबंधही नव्हता. तरीही ते शनिवारी काम करीत नसत, मुलाची सुंता आठव्या दिवशी करीत, खवले आणि पर असलेलेच मासे खात, आणि ‘शेमा’ ही एकच हिब्रू प्रार्थना जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी म्हणत.

टिकलेल्या गोष्टींची ही निवड मला फार बोलकी वाटते. सिद्धान्त, इतिहास, कायद्याची कलमे यांतले काही उरले नाही. उरले ते आठवड्याला, रोजच्या जेवणाला आणि जन्ममृत्यूला जखडलेले आचरण. शनिवार दर सात दिवसांनी येतोच, त्यामुळे तो पाळण्याचे शिक्षण देण्यासाठी वेगळी शाळा लागत नाही. हे लोक तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून आसपासच्या गावांत ते ‘शनवार तेली’ या नावानेच ओळखले जात. या नावामागे एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. ज्या गावाला तुमच्या सुट्टीचा वार ठाऊक आहे, त्या गावात शनिवारी घाणा सुरू झाला तर पहिला प्रश्न शेजारीच विचारणार. म्हणजे या समाजाची स्मृती राखण्यात त्यांच्या हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांचाही वाटा होता. संस्कृती ज्यांची असते तेच तिला सांभाळतात असे आपण गृहीत धरतो, ते पूर्णतः खरे नाही.

कारण विसरले तरी कृती कशी टिकते, हेही येथेच दिसते. इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या वल्हांडणाच्या (पासओव्हर) सणात ज्यू घरांतून आंबवलेले अन्न वर्ज्य असते. बेने इस्रायलांना त्यामागची कथा आठवत नव्हती, पण त्या दिवसांत घरातील आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याची चाल त्यांच्यात होती आणि तो सण त्या झाकण्याच्याच नावाने ओळखला जाई. कारण न कळता केलेले असे अनुकरण आपण सहसा अडाणीपणाचे लक्षण मानतो. संशोधन मात्र वेगळे सांगते. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुले यांना एका पेटीतून खाऊ किंवा बक्षीस काढण्याची रीत दाखवली, आणि तिच्यात काही पायऱ्या मुद्दाम निरुपयोगी ठेवल्या. पेटी पारदर्शक असल्याने त्या पायऱ्या व्यर्थ आहेत हे दिसत असताना चिंपांझींनी त्या गाळल्या. मुलांनी मात्र त्या बहुधा जशाच्या तशा केल्या. माझ्या मते मानवी संस्कृतीचे मोठे सामर्थ्य याच सवयीत आहे. आपल्याला न कळलेल्या गोष्टीही आपण विश्वासाने पुढे देतो, म्हणून एखाद्या पिढीला अर्थ हरवला तरी पुढच्या पिढीला तो पुन्हा शोधता येतो.

आणि तो पुन्हा सापडला. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी, तसेच एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सन यांच्यासारख्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी, या समाजाला हिब्रू भाषा आणि बायबल यांची ओळख करून दिली. (मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, प्रत्यक्षात त्यांच्या शाळांतून शिकलेले बहुतेक बेने इस्रायल अधिक जाणते ज्यू झाले.) मुंबईत 1796 मध्ये सॅम्युअल इझिकिएल दिवेकर यांनी या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. ग्रंथ आल्यावर जुने आचरण पुसले गेले नाही, त्याला कारणे मिळाली. ज्ञान आले तेही मराठी वेशात: पुण्यात 1874 साली छापलेल्या वल्हांडणाच्या मराठी पोथीतील चित्रांत साडी नेसलेल्या स्त्रिया सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात, आणि 1880 च्या सुमारास या समाजात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

शेजाऱ्यांकडून जे शिकले जाते ते सगळेच चांगले असते, असा समज मी होऊ देऊ इच्छित नाही. पोहे, नारळ आणि गूळ यांचा मलिदा करून एलियाहू पैगंबराच्या नावाने तो वाटणे ही बेने इस्रायलांची सुंदर प्रथा कोकणाच्या मातीतूनच आली. विवाहापूर्वीची मेंदीही तशीच. पण याच मातीतून त्यांनी जातीची उतरंडही उचलली. समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग पडले, मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांच्या वंशजांना ‘काळे’ ठरवून त्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार बंद ठेवला गेला, आणि विधवाविवाहाकडेही नाराजीने पाहिले जाई. ज्या धर्माच्या आधारावर ते स्वतःला वेगळे मानत, त्या धर्मात यातले काही नव्हते. मूल जेवढ्या सहजपणे मलिदा वाटायला शिकते, तेवढ्याच सहजपणे कोणाच्या पंक्तीला बसायचे नाही हेही शिकते, आणि दोन्ही त्याला सारखेच ‘आपले’ वाटते. म्हणून संस्कृती जपा असे सरसकट आवाहन मला कधीच पटलेले नाही. काय जपायचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीने उघडपणे विचारला पाहिजे.

1948 नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे त्यांच्यापुढे उलटा प्रश्न उभा राहिला. कोकणात ज्यांना त्यांच्या शनिवारमुळे सारा गाव ओळखत असे, त्यांच्या ज्यूपणाबद्दल तेथील धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली आणि विवाहासाठी पूर्वजांची चौकशी लावली. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे जाहीर केले. एखादी संस्कृती आपली आहे हे ठरवणे, दुर्दैवाने, केवळ आपल्या हाती नसते.

आता आपल्या मुलांविषयी. इस्रायलमधील बेने इस्रायल घरांत मलिदा आणि मेंदी आजही टिकून आहेत, कारण लग्न, नवस, नवे घर अशा प्रसंगांना नातेवाईक जमतात आणि लहान मुले ताटे मांडू लागतात. मराठीचे तसे झाले नाही. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथील लोकांनी निष्ठेने चालवले, तरी हिब्रूत शिकणाऱ्या नातवंडांना मराठीची रोजची गरज उरली नाही. हाच अनुभव आपल्यालाही येईल, असे मला वाटते. सणवार मुलांना मोठ्यांबरोबर राबताना येतील. त्यांची मी फारशी काळजी करणार नाही. भाषेची करीन. तिच्यासाठी मुलांना वर्ग लावण्यापेक्षा, जिच्याशी मराठीवाचून बोलताच येत नाही अशी एखादी आजी, किंवा खेळायला येणारी मराठी बोलणारी चारदोन मुले दर आठवड्याला त्यांच्या वाट्याला यावीत, अशी व्यवस्था आपण आधी करा.