इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या के३ कॅमेऱ्यावर रात्रभर आपोआप इमेजिंग करायचं आहे, चार जीपीयूंचं (ग्राफिक्स कार्डांचं) मशीन पुरेल का?

पुरेल. दोन जीपीयूंचंही पुरेल. तुमच्याकडे २०० केव्हीचा क्रायो मायक्रोस्कोप (गोठवलेले नमुने पाहणारा), के३ कॅमेरा आणि इमेजिंग आपोआप चालवणारं सीरियलईएम सॉफ्टवेअर येतंय, आणि सगळा प्रश्न जीपीयूंच्या संख्येवर. आधी कळस मग पाया! डिस्क आणि नेटवर्कचा उल्लेखच नाही, म्हणून लिहायला बसलो. खरेदीच्या बैठकीत दर वेळी हेच होतं. कार्डांना मंजुरी मिळते, स्विच आणि केबल ‘पुढच्या वर्षी बघू’.

एका केंद्रातला हिशेब सांगतो. चार जीपीयूंचं लिनक्स मशीन, कॅमेऱ्याच्या संगणकात ४ टीबीची एसएसडी, आणि दोघांमध्ये इमारतीतलं साधं १ गिगाबिटचं नेटवर्क. रात्री ८ ला सत्र सुरू, तासाला २५० मूव्ही (एकाच जागेच्या लागोपाठच्या फ्रेम), प्रत्येकी ४० फ्रेम. पहाटे साडेतीनच्या सुमारास डिस्क भरली आणि काम ठप्प. सकाळी पहिला संशय कॅमेऱ्यावर, दुसरा सीरियलईएमवर, आणि दुपारपर्यंत निष्कर्ष तयार: प्रोसेसिंग मागे पडतंय, आणखी दोन कार्डं घ्या.

कागद-पेन्सिल घेऊन कोणी बसलं असतं तर साडेतीनची वेळ आदल्या दिवशीच सांगता आली असती. के३ ची फ्रेम ५७६० × ४०९२, म्हणजे सुमारे २.३६ कोटी पिक्सेल. तिथे गेन (पिक्सेलच्या कमी-जास्त संवेदनशीलतेची दुरुस्ती) लावून ३२ बिट फ्लोटमध्ये फ्रेम साठवत होते. पिक्सेलला ४ बाइट, फ्रेमला ९४ एमबी, मूव्हीला ३.७७ जीबी, तासाला ९४० जीबी. १ गिगाबिटच्या तारेतून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे तासाला ४०० जीबी. उरलेले ५४० जीबी दर तासाला डिस्कवर तुंबत राहणार. ४ टीबी भरायला साडेसात तासही लागत नाहीत. यात जीपीयूचा संबंध कुठे आला?

उपाय फुकट होता. गेन न लावता नुसते काउंट (पिक्सेलवर मोजलेले इलेक्ट्रॉन) एलझेडडब्ल्यू टिफमध्ये, म्हणजे काही न गमावता दाबलेल्या चित्रफाइलमध्ये, साठवायचे. काउंटिंग मोडमध्ये पिक्सेलची किंमत ०, १, २ अशीच असते. फ्रेममागे पिक्सेलला एखादाच इलेक्ट्रॉन पडत असेल तर ८ बिटांची फाइल दाबून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. ०.९५ जीबीची मूव्ही ०.३५ जीबीच्या आसपास, सेकंदाला २५ एमबी. जुनी तारसुद्धा ते ओढते.

मात्र यात एक खड्डा आहे. गेन न लावलेल्या फ्रेमसोबत सीरियलईएम गेन रेफरन्सची (त्या दुरुस्तीच्या नकाशाची) डीएम४ फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवतं. कॉपी करणारी स्क्रिप्ट फक्त टिफ उचलत असेल तर रेफरन्स मागे राहतो, आणि कोणी डिस्क साफ केली की गेला. डीएम४ आणि एमडॉक (इमेजिंगच्या नोंदींची फाइल) दोन्ही कॉपीत हवेत. रेफरन्सची दिशा फ्रेमशी जुळते का, हे पहिल्याच मूव्हीवर तपासा. फिरलेला किंवा उलटा असेल तर फ्रेमच्या बेरजेत कॅमेऱ्याच्या ठरावीक रेषा दिसतात. सकाळी कळून काय उपयोग?

कॉपीसाठी विंडोजच्या रोबोकॉपीचा ‘मिर’ पर्याय वापरू नका. मूळ जागेवरून फाइल पुसली की तो दुसऱ्या टोकाचीही पुसतो. सोमवारी कोणी एसएसडी रिकामी केली की स्टोरेजही रिकामं. लिनक्स मशीनवरून आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रॅमने ओढून घ्या. फ्रेमचं फोल्डर नेटवर्कवर फक्त वाचण्यापुरतं द्या, आणि दोन मिनिटांपेक्षा ताज्या फाइलला हात लावू नका, ती अजून लिहिली जात असते. वय तपासायचं तर घड्याळं जुळायला हवीत. बंद नेटवर्कमधली घड्याळं भरकटतात, म्हणून लिनक्स मशीनलाच एनटीपी (वेळ जुळवून देणारा) सर्व्हर करा.

डिस्कचा अंदाज शनिवार-रविवार धरून करा. शुक्रवारी संध्याकाळी ६ ते सोमवारी सकाळी ६ म्हणजे ६० तास, १५,००० मूव्ही, ५ टीबीपेक्षा जास्त. वापरता येणारी ८ टीबी एसएसडी घेतली की स्टोरेज बंद पडलं तरी सत्र चालू राहतं. स्वस्त क्यूएलसी प्रकारची एसएसडी नको, कॅशे भरला की तिचा लिहिण्याचा वेग कोसळतो. कॅमेऱ्याच्या संगणकात दोन नेटवर्क कार्डं हवीत. एक मायक्रोस्कोपच्या संगणकाशी, स्थिर आयपीवर, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. दुसरं १० गिगाबिट, फक्त डेटासाठी. या दोन संगणकांवर विंडोज अपडेट, स्लीप आणि फ्रेमच्या फोल्डरचं अँटिव्हायरस स्कॅनिंग बंद. आयटीवाले भांडतील. म्हणून तर ते जाळं बंद ठेवायचं.

आता जीपीयू. तासाला २५० म्हणजे मूव्हीला १४.४ सेकंद. तेवढ्यात वाचणं, मोशन करेक्शन (फ्रेममधली हालचाल काढणं) आणि सीटीएफ (भिंगांच्या परिणामाचा अंदाज) उरकलं की झालं. आधी एका कार्डावर मोजा. सुपर-रिझोल्यूशनचे (दोन्ही दिशांना दुप्पट पिक्सेलचे) ४० फ्रेम फ्लोटमध्ये उलगडले की १५ जीबी होतात, म्हणून मेमरी २४ जीबीची घ्या, संख्या नको. चौथ्या कार्डाच्या पैशांत नेटवर्क स्विचला यूपीएस घ्या. मायक्रोस्कोपला यूपीएस असतो, कॉरिडॉरमधल्या स्विचला नसतो, आणि मायक्रोस्कोपची तार त्यातून जात असेल तर तो क्षणभर बंद पडला तरी सीरियलईएमचा मायक्रोस्कोपशी संपर्क तुटतो.

हो, हे सगळे आकडे सिंगल पार्टिकलचे (सुट्या रेणूंच्या असंख्य प्रतिमा जुळवण्याच्या पद्धतीचे). टोमोग्राफीत (एकाच जागेची वेगवेगळ्या कोनांतून चित्रं) नमुन्याचा स्टेज फिरून स्थिरावण्यातच वेळ जातो, डेटा बराच कमी होतो. फाल्कन ४ या दुसऱ्या कॅमेऱ्याची ईईआर प्रकारची फाइल असेल तर मूव्हीच्या आकाराचं गणित नव्याने मांडा, पण केबल, घड्याळ आणि यूपीएसचं तेच राहील.