पहिला पसंतीक्रम भरायच्या आधी

प्रिय पोरी,

रविवारी तू आलीस पण बोलले सगळं बाबाच. तू मांडीवरच्या कागदावर नखाने रेघा ओढत बसली होतीस. अकरावीच्या फॉर्मचे दहा पसंतीक्रम, पेन्सिलीने लिहिलेले, अक्षर बाबांचं. निघताना चप्पल घालता घालता हळूच विचारलंस, "सर, मॅथ्स सोडू का?" आणि मी काही बोलायच्या आत बाबांनी गाडी चालू केली. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

मॅथ्सचं आधी सांगून टाकतो. सोडू नको. दहावीला सहापैकी चांगले पाच विषयच धरतात, त्या बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये तुझे मॅथ्सचे 81 बाजूला पडले आणि 93.40 टक्के झाले, तेवढ्यावरून आपलं गणित कच्चं असं धरून बसू नको. बारावीला ही सोय नसते, सहाही विषय सहाशेत मोजतात, त्यामुळे मॅथ्स टक्के खाली ओढेल ही बाबांची भीती अगदीच खोटी नाही. पण डॉक्टर की इंजिनिअर हे तुझं ठरलेलं नाही आणि मॅथ्स सोडलंस की इंजिनिअरिंगचं दार आत्ताच लागेल. पीसीएमबी ठेव, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही. सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, मॅथ्सचा आणि बायोचा असे दोन्ही ग्रुप देता येतात, पर्सेंटाइल वेगवेगळे निघतात. मराठी की आयटी ते तुझं तू बघ, आयटी स्कोअरिंग आहे पण तुझं मराठी चांगलं आहे.

खरा घोळ मॅथ्सचा नाहीच, पहिल्या चौकटीचा आहे. तिथं बाबांनी जे कॉलेज लिहिलंय तिथं तू जाणारच नाहीयेस. नाव तिथं, क्लास शहरात, राहणं हॉस्टेलवर. "फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला जायचं," असं बाबा म्हणाले आणि मला ते ऐकवेना. जिथे रोज जाऊन बसणार नाहीस त्या कॉलेजचं नाव पहिलं टाकू नको. आणि पहिला पसंतीक्रम लागला की तिथंच प्रवेश घ्यावा लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे पेन्सिलीने लिहिलेलं ते नाव नंतर खोडता येत नाही गं.

मी हे का बोलतोय ते तुला माहीत नाही. तीस वर्षं ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवलं, त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं अर्ध्याहून जास्त वर्ग रिकामा. हजेरीपटावर एकशेवीस, समोर चाळीस. 2018 साली सरकारने सायन्सला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, आमच्याकडेही मशीन लागलं, महिनाभर मुलं अंगठा लावून निघून जायची, मग तेही थांबलं. फेब्रुवारीत जर्नलांचा गठ्ठा यायचा. एकाच अक्षरातली पाच-पाच जर्नलं, रीडिंग सगळ्यांची सारखी, आणि पुढच्या पानावर सर्टिफिकेट, की या विद्यार्थ्याने वर्षभर प्रयोग केले. त्यावर मी सह्या केल्या. हो, केल्या. परीक्षेत एका मुलाच्या हातात बारीक मोजमापाचा व्हर्निअर दिला तर त्याने तो उलटा धरला आणि माझ्याकडे बघत राहिला, आणि तीसपैकी अठ्ठावीस मी त्यालाही दिले. नापास केलं असतं तर त्याचं वर्ष गेलं असतं, त्याच्या आईबापाने लाखभर फी भरलेली, त्यात त्या पोराचा काय दोष? आजही मला तेव्हाचा दुसरा मार्ग दिसत नाही. पण सही माझी होती.

आणि माझ्या मुलालाही मी असल्याच कॉलेजात घातलं, नाव तिथं आणि शिकणं क्लासला. सगळं माहीत असून. शेजारचे सगळे घालत होते, बायको म्हणाली आपलाच मागे पडेल, मला नाही म्हणता आलं नाही. त्याच्या जर्नलवर दुसऱ्या गावात माझ्यासारख्याच कुणीतरी सही केली असणार. इंजिनिअरिंगच्या जेईई परीक्षेत बरी रँक आली आणि बारावी बोर्डात सत्तावन्न टक्के, एनआयटीसारख्या केंद्राच्या कॉलेजला बोर्डाचे पंचाहत्तर लागतात. मग सीईटीवर मिळालं ते कॉलेज घेतलं. आज नोकरी आहे, बरं चाललंय, मी काही त्याचं वाटोळं केलं नाही. पण अकरावी-बारावीतला एक मित्र सांग म्हटलं तर त्याला नाव सांगता येत नाही.

म्हणून सांगतोय, हजर राहा. प्रॅक्टिकलचे मार्क मिळतात म्हणून नाही, ते घरी बसूनही मिळतात हे तुला आत्ताच कळलं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोचे तीस-तीस आणि मॅथ्सचे वीस, सहाशेतले एकशेदहा असे वाटले जातात. पण काचेचा बाक मोजायच्या स्फेरोमीटरचा स्क्रू काचेला नेमका कधी टेकला हे बोटाला कळावं लागतं, आणि झिरो एरर, म्हणजे उपकरणाची मुळातलीच चूक, वजा करायची की मिळवायची हे एकदा हाताने चुकल्याशिवाय डोक्यात बसत नाही. अकरावी आरामाची असंही कुणी सांगेल, ऐकू नको. सीईटीत वीस टक्के अकरावीचं असतं, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला तर अकरावीचा सिलॅबस निम्म्यासारखाच पडतो.

क्लास लाव ना, मी कुठे नाही म्हणतोय. संध्याकाळी लाव, सुट्टीत लाव. पण दिवसा कॉलेजात बस. शिकवणारे सर कंटाळवाणे असतील, एखादा तास फुकट जाईल, तरी बस. रिकाम्या बाकांना शिकवून शिकवून मीसुद्धा कंटाळवाणाच झालो होतो, समोर पाच पोरं प्रश्न विचारणारी असती तर मी बरा शिकवला असता असं मला अजून वाटतं.

तुझ्या गावापासून एसटीने पंचवीस मिनिटांवरचं कॉलेज बाबांनी सातव्या नंबरला टाकलंय. उद्या आईला घेऊन तिथं जा. ऑफिसात चौकशी करू नको, तिथं सगळं छानच सांगतात. थेट फिजिक्सची लॅब दाखवा म्हण. कपाटाला कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे असते, टेबलावर मुलांच्या हातची मळकट उपकरणं आहेत की खोक्यात कोरी पडलीयेत, ते बघ. बारावीच्या एखाद्या मुलीला गाठून विचार की गेल्या आठवड्यात कुठला प्रयोग केला. तिला पटकन सांगता आलं तर सातवा खोडून पहिला कर, तुझ्या अक्षरात.

बाबांना मी फोन करतो. चिडतील. फोन ठेवूनही देतील कदाचित, मग मी घरी येईन.

तुझा,
सर