वाचक विचारतात : सुया दिल्या, तरी ‘डब्बा’ कसा?

प्र. नातवाले दीड महिना, साडेतीन महिने अन् नऊ महिने, अशा पीसीव्हीच्या तिन्ही सुया दिल्या. तरी पावसाळ्यात डब्बा झालाच. मंग त्या लसीचा उपयोग काय? (एक आजी, ता. घाटंजी)

उत्तर : आजी, डब्बा (लहान लेकरांचा न्युमोनिया, म्हणजे फुप्फुसाची सूज) हा एकच आजार नव्हे. फुप्फुसाला सूज आणणारे विषाणू आणि जंतू कितीतरी आहेत. पीसीव्ही त्यातल्या एकाच जंतूला, न्युमोकोकसला, अडवते. त्याचेही शंभराच्या आसपास प्रकार आहेत. पुण्यात तयार होणारी न्युमोसिल ही पीसीव्ही लस त्यातल्या १० प्रकारांवर चालते. त्यामुळे सुया घेतलेल्या लेकराला खोकला, ताप, कधी न्युमोनियाही होऊ शकतो.

लसीचा खरा जोर दिसतो तो जंतू रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरतो तिथे. याला डॉक्टर ‘इनव्हेझिव्ह’ आजार म्हणतात. यात लेकरू दगावू शकतं, वाचलं तरी कधी बहिरं होतं. गांबिया या आफ्रिकेतल्या गरीब देशाच्या खेड्यांत २००९ मध्ये लस आली आणि २०१३-१४ पर्यंत पाच वर्षांखालच्या मुलांतला हा आजार ५५ टक्क्यांनी उतरला. केनियाच्या किलिफी भागात तर लसीत असलेल्या प्रकारांचा आजार लहान मुलांत ९२ टक्क्यांनी घटला.

अमेरिकेचा अनुभव मात्र थोडा तिखट आहे. तिथे २००० साली ७ प्रकारांची लस आली, ते प्रकार मागे हटले, पण १९ए नावाचा लसीबाहेरचा प्रकार वाढला. म्हणून २०१० मध्ये १९ए धरून १३ प्रकारांची लस आणावी लागली. एका लसीवर काम भागत नाही ते असं.

आता घरातलं. लेकरू शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, लेकरू दूध ओढत नसेल किंवा झटके येत असतील, तर १०८ ला फोन करा. डब्बा झाला म्हणून पोटावर चटके देण्यात फक्त वेळ जातो आणि जखम होते.

प्र. पीसीव्हीची पहिली सुई दिल्यावर आम्ही विटभट्टीवर गेलो. पोरगी आता दहा महिन्यांची आहे. पहिल्यापासून सुरू करावं लागते का? (एक वाचक, ता. धारणी)

उत्तर : नाही. पहिला डोस वर्षाच्या आत पडलेला असला की राहिलेले पुढे देता येतात. दुसरा आता लगेच, बूस्टर म्हणजे तिसरा त्यानंतर किमान आठ आठवड्यांनी. पहिलाच डोस वर्षाच्या आत झाला नसता, तर प्रश्न अवघड झाला असता. पीसीव्ही उजव्या मांडीत अर्धा मिली देतात. त्याच दिवशी पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) डाव्या मांडीत आणि गोवर-रुबेलाची सुई दंडात देता येते, त्याला भिऊ नका. माता-बाल संरक्षण कार्ड भट्टीवरही सोबत ठेवा, म्हणजे तिथल्या सिस्टरला काय राहिलं ते कळेल. एखादा दिवस ताप आला किंवा मांडी सुजली तर घाबरायचं कारण नाही. सुईच्या जागेवर हळद-चुना लावू नका.

प्र. घरात सत्तरीचे बाबा आहेत, त्यांना दम्याचा त्रास. लेकराच्या सुईचा त्यांना काही फायदा? (ता. आर्वी)

उत्तर : आहे, थोडा. न्युमोकोकस हा जंतू लहान मुलांच्या नाका-घशात राहतो आणि बरेचदा तिथूनच म्हाताऱ्यांकडे जातो. लस घेतलेल्या मुलात तो कमी टिकतो. अमेरिकेत ती ७ प्रकारांची लस फक्त मुलांना देऊनही २००७ पर्यंत ६५ वर्षांवरच्यांतला इनव्हेझिव्ह आजार सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झाला होता. तरी दमेकऱ्याने त्या भरवशावर राहू नये. मोठ्यांची न्युमोकोकल लस खासगी दवाखान्यात मिळते. बाबांच्या दम्याच्या डॉक्टरांना पुढच्या खेपेला विचारा, आणि घरात कुणी बिडी ओढत असेल तर ती अंगणाच्या पलीकडे.