कॉम्प्युटर हार्डवेअरचे वाचून हसू आलेले रिव्ह्यू कोणते?

तुम्ही विचारलंय की लोकांनी मनापासून लिहिलेले पण वाचणाऱ्याला हसू फुटेल असे हार्डवेअरचे रिव्ह्यू कोणते. मी गोव्यात फोंड्याला कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो, कुठलाही पार्ट मागवायच्या आधी एक स्टारवाले रिव्ह्यू पहिले वाचतो, त्यामुळे असे ढीगभर वाचून झालेत.

सगळ्यात जास्त हसलो ते यूपीएसच्या, म्हणजे लाईट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्याच्या एका रिव्ह्यूला. माणसाची तक्रार काय, तर लाईट गेली की हा डबा टीट टीट ओरडतो, लाईट आली की गप्प बसतो, पीस डिफेक्टिव्ह आहे, परत घ्या. अहो तो ओरडतो म्हणजेच त्याचं काम करतोय, बॅटरीवर चाललोय पटकन सेव्ह करा असं सांगतोय! पण मग वाटलं की आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की लाईट रात्री चारदा जाते, घरात तान्हं बाळ असेल तर त्या आवाजाने काय होत असेल, आणि बऱ्याच मॉडेलना तो आवाज बंद करायची सोय असते ती त्याला कोणीच सांगितली नसणार.

ग्राफिक कार्डला एक स्टार देणारे पण पुष्कळ, कार्ड बसवलं तरी गेमचा स्पीड तेवढाच म्हणून, आणि सोबत फोटो टाकतात त्यात मॉनिटरची केबल कार्डाला न लावता मदरबोर्डलाच लावलेली स्पष्ट दिसते, म्हणजे कार्ड नुसतंच बसून आहे. डेस्कटॉपची लांब रॅम घेऊन ती लॅपटॉपमध्ये मावत नाही म्हणून कंपनीला शिव्या घालणारेही आहेत.

पाच स्टारवाले मात्र वाचून जीव कळवळतो. पाचशे रुपयांत 2 टीबीचा पेनड्राईव्ह मिळाला, कॉम्प्युटरवर बरोबर 2 टीबी दाखवतो, डिलिव्हरी फास्ट. आणि महिन्याभराने त्याच माणसाचं खाली अपडेट, लग्नाचे फोटो उघडत नाहीत. आत चिप असते 32 नाहीतर 64 जीबीची, तिच्या कंट्रोलरला, म्हणजे ती चिप सांभाळणाऱ्या भागाला, खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं, जागा संपली की नवीन फाईल जुन्यावरच लिहिली जाते किंवा कुठेच लिहिली जात नाही, नावं तेवढी दिसत राहतात. असला पेनड्राईव्ह घेतला असेल तर आधी एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) नावाच्या फुकट प्रोग्रामने तपासा, तो पूर्ण भरून परत वाचून बघतो, वेळ लागतो पण खरं काय ते कळतं.

आणि 1 टीबीची हार्ड डिस्क घेतली तर 931 जीबीच निघाली, 69 जीबी कोणी खाल्ली, हा रिव्ह्यू तर प्रत्येक डिस्कखाली सापडतोच. साखळी गावचे एक रिटायर्ड मास्तर हीच तक्रार घेऊन आले होते, कोंकणीत म्हणाले तांणी म्हाका फटयलो, म्हणजे त्यांनी मला फसवलं, रिव्ह्यू पण लिहून मोकळे झाले होते. मी त्यांना कॅल्क्युलेटर दिला. कंपनी एकावर 12 शून्यं इतके बाइट मोजून देते, विंडोज त्याला तीनदा 1024 ने भागतं, उत्तर 931 येतं. या दुसऱ्या मापाला 1998 सालीच गिबीबाइट असं वेगळं नाव दिलंय पण विंडोज अजून जीबीच लिहितं, आणि तीच डिस्क मॅकला लावली तर 1 टीबी दिसते. मास्तरांनी दोनदा भागाकार करून बघितला आणि म्हणाले, म्हणजे भात देणाऱ्याचा कुडव (धान्य मोजायचं माप) वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा, भात कमी झालंच नाही.

तिथेच बसून त्यांनी रिव्ह्यू बदलला. चार स्टार दिले, पाचवा दिला नाही, का तर हे बॉक्सवर ठळक अक्षरात लिहायला हवं होतं, आणि मला ते शंभर टक्के पटलं.