तंत्रज्ञान आणि समाज या विषयावरच्या पीएचडी प्रबंधाचं पुस्तक कसं करावं?

प्रबंध प्रकाशकाकडे जसाच्या तसा पाठवू नका, तो परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण काढा, त्यातलं अगदी गरजेचं तेवढं तळटिपांत न्या. मग प्रस्ताव पाठवा: मुख्य मुद्दा, प्रकरणवार सारांश, वाचक कोण, शब्दसंख्या, १-२ नमुना प्रकरणं. विद्यापीठ प्रकाशनं सहसा २ बाहेरच्या तज्ज्ञांचा अभिप्राय घेतात; त्यात महिने जातात.

या विषयात खरी अडचण वेगळीच. पुस्तक येईपर्यंत तुम्ही अभ्यासलेलं ॲप बदललेलं असतं. म्हणून ‘हे बटण दाबल्यावर काय होतं’ यापेक्षा ते बटण कोणी, कशासाठी ठेवलं यावर भर द्या. स्क्रीनशॉटच्या परवानग्या आधीच मागा. आणि मुलाखतींची संमतीपत्रं पुन्हा वाचा: संमती फक्त प्रबंधापुरती असेल, तर नव्याने घ्यावीच लागेल.