वाचकांचे प्रश्न : गाडीला संबळाचे काय द्यावे?

प्रश्न : मी मूळचा तुळजापूर तालुक्यातला असून छत्रपती संभाजीनगर येथे इंडस्ट्रियल डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला शिकतो. माझे आजोबा गोंधळात संबळ वाजवत असत आणि ते संबळ आजही घरी आहे. प्रकल्पासाठी मी संबळ व तुणतुणे यांवरून एक इलेक्ट्रिक कन्सेप्ट कार रेखाटली आहे. पुढचे दिवे संबळाच्या जोडीसारखे आणि डॅशबोर्ड तुणतुण्यासारखा आहे. ‘ही नुसती सजावट झाली,’ असे मार्गदर्शक म्हणतात. रेखाटन सोबत पाठवत आहे. मी काय बदलावे?

उत्तर : मार्गदर्शकांचे म्हणणे कडू असले तरी रास्त आहे. संबळाची दोन भांडी सारखी नसतात, एक खर्जाचे तर दुसरे टिपेचे असते. तुम्ही मात्र दोन्ही दिवे आरशात पाहून काढल्यासारखे एकसारखे काढले आहेत. म्हणजे ज्या वाद्याचे नाव घेतले, त्याचे मुख्य लक्षणच सुटले. आजोबांचे संबळ पुढ्यात ठेवा आणि ते दिसते कसे याच्या आधी बांधले कसे आहे, हे पाहा.

तुणतुण्याचेही तसेच आहे. पोकळ नळकांडे, तळाला ताणलेले कातडे, त्यातून निघून बाजूच्या काठीवरील खुंटीला गेलेली एक तार. ताण कुठून निघतो आणि कुठे पोचतो, हे त्यात उघड दिसते. हीच रीत आसनाला लावून पाहा. चौकटीवर मजबूत विणलेले कापड दोरीने ताणून बसवले, तर जाड फोम टळेल, पाठीला वारा लागेल आणि ज्या गाडीत एकट्या बॅटरीचेच वजन काहीशे किलो भरते, तिथे थोडा भार हलका होईल. (आपली सुतळीची बाज याहून वेगळे काही करत नाही.)

एक सावधगिरी बाळगा. घुमणे हा वाद्याचा गुण असला, तरी गाडीच्या पत्र्याचा तो दोष आहे, आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे इलेक्ट्रिक गाडीत तो जास्तच जाणवतो. घुमवायचेच असेल, तर ठरवून घुमवा. कॉन्टिनेंटल आणि सेनहायझर यांनी २०२० मध्ये नेहमीच्या स्पीकरांऐवजी आतल्या पृष्ठभागांनाच कंप देणारी ध्वनियंत्रणा दाखवली होती. तुमचा डॅशबोर्ड तुणतुण्यासारखा दिसण्यापेक्षा असा वाजला, तर मार्गदर्शकांचा आक्षेप राहणार नाही.

खरी संधी बाहेरच्या आवाजात आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, याचे नवल वाटले. हळू चालणारी इलेक्ट्रिक गाडी पादचाऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक मोटारीला ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत इशाऱ्याचा आवाज सक्तीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमानुसार वेग ताशी ५ वरून २० किलोमीटरवर जाताना या आवाजाची कंपनसंख्या वेगाच्या ताशी दर एक किलोमीटर वाढीमागे सरासरी किमान ०.८ टक्के चढावी लागते. हिशेब केला तर ही वाढ १२ टक्के होते, आणि षड्जापासून शुद्ध ऋषभ साडेबारा टक्के वर असतो. नियम मागतो आहे ती जवळजवळ सा ते रे एवढी मींड! तुणतुण्याची खुंटी पिळताना स्वर असाच सरकत वर जातो, तेव्हा हे काम त्यालाच द्या. संबळाला देऊ नका, कारण त्याचा आवाज तुटक आघातांचा आहे. शिवाय नवरात्रात अशी गाडी तुळजापुरात शिरली, तर माणसे बाजूला होण्याऐवजी गोंधळ कुठे मांडला आहे, हे शोधत तिच्याकडेच येतील.

राहता राहिले हवामान. हलगी वाजवणारे ती आधी शेकून घेतात, कारण ओलाव्याने कातडे सैलावते आणि उष्णतेने आवळते. तुमच्या आसनाचे कापड आणि दोरीही ऋतूप्रमाणे बदलणारच. म्हणून पूर्ण आकाराचे एक आसन बनवून मे महिन्यात चार दिवस उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवा, रोज भर दुपारी आणि पहाटे त्याचा ताण मोजा, पहिल्या पावसानंतर पुन्हा मोजा, आणि दोरी किती आवळायची याची खूण त्यानंतरच चौकटीवर करा.